चंपी हवी, मान मोडणे नको

महोदय,

हल्ली स्पामध्ये ‘इंडियन हेड मसाज’ भरपूर पैसे मोजून घेतला जातो. घ्यावा, तक्रार नाही. पण ही विद्या मूळची आपल्या घरातली आणि न्हाव्याच्या खुर्चीवरची. आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी दिनचर्येत रोज अभ्यंग सांगताना डोके, कान आणि तळपाय यांना विशेष तेल लावायला सांगितले आहे. कफाचा त्रास किंवा अजीर्ण असेल तर मात्र अभ्यंग टाळा, असेही बजावले आहे. जाहिरातीत हे कुठे दिसत नाही! पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद यांनी तर इंग्लंडात ब्रायटनला वाफेचे स्नान आणि मालिश यांचे दालन थाटले. पुढे राजा चौथा जॉर्ज याने त्यांना आपले मालिशतज्ज्ञ नेमले.

आपल्याकडे बाळाची टाळू भरण्यापासून दिवाळीच्या अभ्यंगापर्यंत हे चालत आले. कोमट खोबरेल किंवा माक्याचे तेल, बोटांची पेरे, कानशिलांवर हलका दाब, बस.

चिंता वेगळीच आहे. अनेक सलूनमध्ये चंपीच्या शेवटी मान धरून ‘कडक्’ करून मोडतात आणि गिऱ्हाईकही खूश होते. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. नाभिक संघटनांनी हा प्रकार बंद करण्याचे आवाहन करावे आणि गिऱ्हाइकांनीही खुर्चीत बसतानाच ‘मान नको’ म्हणून सांगावे.

– एक वाचक, सातारा