चाच्याचे कौतुक किती करावे?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील इंग्रज चाचा हेन्री एव्हरीवरचा लेख वाचला. लेखकाची शैली ओघवती आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ‘गंज-ए-सवाई’ या मोगली जहाजाची लूट ज्या उत्साहाने रंगवली आहे, ती वाचून त्या जहाजावर सोन्यानाण्याखेरीज माणसेही होती की नाही, अशी शंका यावी. मक्केहून सुरतेकडे परतणाऱ्या यात्रेकरूंचे ते जहाज सप्टेंबर १६९५ मध्ये चाच्यांच्या हाती लागले आणि अब्रू वाचवण्यासाठी काही स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या, असे इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवले आहे. तो मोगलांकडचा म्हणून त्याच्यावर भरवसा नसेल, तर एव्हरीच्याच टोळीतल्या जॉन स्पार्क्सचे ऐकावे. नोव्हेंबर १६९६ मध्ये फासावर जाताना त्याने हिंदी लोकांच्या आणि त्यांच्या स्त्रियांच्या छळाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला होता. फाशीच्या तख्तावरील दरोडेखोराला जे आठवले, त्यासाठी आपल्या पानभर लेखात एका ओळीचीही जागा नसावी?

काही वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो असता, वॉपिंगच्या नदीकाठी, म्हणजे जिथे या लोकांना फाशी दिले त्याच भागात, एका वाटाड्याने हीच कथा आम्हा पर्यटकांना हातवारे करून ऐकवली होती. मंडळी खदखदून हसत होती. त्या बायकांचे काय झाले, असे मी विचारले, तेव्हा “अहो, आपण सुट्टीवर आहात,” असे तो म्हणाला आणि लोक पुन्हा हसले. इंग्रजी कायद्याने गुन्हेगारांना शासन केलेच की, ही पुस्ती त्याने वर जोडली. वास्तविक मोगली जहाज लुटल्याच्या आरोपातून ज्यूरीने या लोकांना निर्दोष सोडले होते. त्यांना फास बसला तो ‘चार्ल्स द सेकंड’ हे इंग्रजांचे स्वतःचे जहाज पळवल्याबद्दलच्या दुसऱ्या खटल्यात. हे मी सांगू लागलो, तोवर तो पुढच्या गल्लीत पोहोचला होता. त्याचे पोट त्या हशावर चालत असेल. आपल्या विद्वान लेखकाची अडचण कोणती, हे मात्र कळले नाही. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही, याचा त्यांना झालेला आनंद तर लपतही नाही.

जाता जाता, त्याच पानावरील चौकटीत ‘असेच काही समुद्री लुटारू’ म्हणून कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, असलेल्या, किनाऱ्यावरील दुर्ग सांभाळणाऱ्या आणि परवान्याशिवाय जाणारी जहाजे धरणाऱ्या या माणसाला ईस्ट इंडिया कंपनीने लुटारू ठरवले, ते तिच्या सोयीचे होते. आपल्या वृत्तपत्राची त्यात कोणती सोय आहे, हे पुढील रविवारी त्याच आकाराच्या चौकटीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अलिबाग