ग्रामीण रुग्णालयांचे श्रेणीवर्धन आणि अहवालातले रिकामे रकाने : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातील ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन करावे, हा प्रस्ताव त्रुटी काढून परत आला आहे. शेरा दोन ओळींचा : बेड ऑक्युपन्सी (खाटा भरलेल्या असण्याचे प्रमाण) कमी, एचएमआयएस या सरकारी आरोग्य-माहिती पोर्टलवरील मासिक अहवाल अपूर्ण. मी इथूनच अधिपरिचारिका म्हणून निवृत्त झाले. वॉर्डातून हे कसे दिसते, ते सांगते.

ऑक्युपन्सी रात्री बाराच्या सेन्ससवरून, म्हणजे वॉर्डातल्या पेशंटच्या मोजणीवरून निघते. त्या वेळी जो पेशंट दाखल, तो मोजला जातो. संध्याकाळी सातला बाळंतपणासाठी एक बाई येते. कळा सुरू, बीपी १६०/११०, पायांवर सूज. भूलतज्ज्ञ नाही, रक्ताची सोय नाही. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा, कॅथेटर घालायचा, १०८ बोलवायची आणि तिला जिल्हा रुग्णालयात पाठवायचे. दहापर्यंत खाट मोकळी. बाराच्या सेन्ससमध्ये ती नाही. सिझर जिल्ह्याला झाले, म्हणून प्रसूतीही तिकडच्या आकड्यात. आमच्याकडे उरते रेफर रजिस्टरमधली एक ओळ, आणि प्रस्ताव तपासताना ते रजिस्टर कुणी मागितले नाही. सोय नाही म्हणून पेशंट पुढे पाठवावे लागतात आणि पेशंट दिसत नाहीत म्हणून सोय मंजूर होत नाही. या फेऱ्यात आमच्या तालुक्यातल्या बायकांचे हाल होत आहेत, साहेब.

अपूर्ण अहवालांचे म्हणाल, तर डेटा एंट्री ऑपरेटरचे पद कंत्राटी आणि बराच काळ रिकामे. नाइट ड्यूटी संपवून सिस्टर कॉम्प्युटरपुढे बसतात; पोर्टल उघडले तर उघडले. २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा तर भरायला माणूसच नव्हता. पण त्या महिन्यांतही वॉर्ड चालू होता. रकाना रिकामा असणे आणि त्यात शून्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाची बेरीज करताना मात्र दोन्ही सारख्याच धरल्या जातात.

अहवालाची शिस्त सैल करा, असे मी मुळीच म्हणत नाही. सोनोग्राफी केंद्रांना दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अहवाल द्यावाच लागतो, आणि ते योग्यच आहे. डेंग्यूचा आकडा उशिरा गेला तर फवारणीही उशिरा होते. ज्याने काम असून आकडे दडवले किंवा फुगवले, त्याच्यावर जरूर कारवाई करा. पण ऑपरेटर न दिल्याची शिक्षा पेशंटला का?

माझी मागणी अशी : ज्या प्रस्तावात अहवालाची त्रुटी निघेल, तो परत करण्यापूर्वी जिल्ह्याच्या पथकाने रुग्णालयात येऊन मूळ रजिस्टरे तपासावीत. रेफर केलेले पेशंट त्या रुग्णालयाची गरज म्हणून धरावेत. ऑपरेटरचे पद आधी भरावे, मग अहवालाचा जाब विचारावा. आणि लोकसंख्येचा निकष, मैदानी भागात १,२०,०००, डोंगरी व आदिवासी भागात ८०,०००, अजून २०११ च्या जनगणनेवर लावला जातो; ऊसतोडीच्या हंगामात फडावर येणारी कुटुंबे त्यात कुठेच नाहीत, बाळंतपणे मात्र त्यांचीही इथेच होतात.

आमचा प्रस्ताव पुन्हा मागवावा. ओपीडी, आयपीडी (दाखल पेशंट), प्रसूती आणि रेफर, चारही रजिस्टरे रुग्णालयात जपून ठेवलेली आहेत. पथक पाठवा.

आपली नम्र,
एक निवृत्त अधिपरिचारिका