चाबहारचा माल सहा महिन्यांच्या मुदतीवर?

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मशीद बंदरला माझं सुक्या मेव्याचं दुकान आहे. अंजीर कंदाहारचे, दोरीत ओवलेल्या माळांचे. माळ दाबली की माल किती दिवस वाटेत पडून होता ते कळतं. यंदा अंजीर दगडासारखे निघाले. एप्रिलमध्ये पाकिस्तान सीमेवरचा अटारीचा रस्ता बंद झाला, मग उरलं इराणचं चाबहार बंदर. आणि इराणवर निर्बंध अमेरिकेचे, म्हणून चाबहारची किल्ली वॉशिंग्टनला.

अमेरिकेची आमच्या भागातली ये-जा आम्ही जुनीच पाहतोय. १९८० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी देऊ केलेल्या ४० कोटी डॉलरना पाकिस्तानच्या झियांनी 'शेंगदाणे' म्हणून नाक मुरडलं (कार्टर स्वतः शेंगदाण्याचे बागायतदार, टोला बरोबर बसला). पुढच्याच वर्षी रेगननी ३२० कोटी काढले. १९८९ मध्ये अफगाणिस्तानातून रशियन फौजा परतल्या आणि १९९० मध्ये पाकिस्तानची मदत बंद. २००१ मध्ये पुन्हा गळ्यात गळे. २०२० मध्ये दोह्यात तालिबानशी करार झाला, तेव्हा काबूलच्या सरकारला बैठकीतही घेतलं नाही. आता अफगाणिस्तानातला बगरामचा हवाई तळ परत हवाय म्हणे.

गरजेपुरतं येणारं गिऱ्हाईक वाईट नसतं, साहेब. त्याच्या भरवशावर गोदाम बांधायचं नसतं, एवढंच.

२०१८ मध्ये ट्रम्प सरकारनेच चाबहारला निर्बंधांतून सूट दिली, कारण तेव्हा अमेरिकेला अफगाणिस्तान उभा करायचा होता. ती गरज सरली. २९ सप्टेंबर २०२५ पासून सूट गेली, ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांसाठी परत मिळाली. आपण मात्र २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार करून बसलोय, १२ कोटी डॉलरची यंत्रसामग्री आणि २५ कोटींचं कर्ज कबूल करून. त्याआधी अफगाणिस्तानात झारंज-डेलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधताना आपली माणसं गेली, ती वेगळीच.

बँकेत 'माल इराणमार्गे' म्हटलं की साहेब फाइल बाजूला सरकवतात. त्यांचंही चुकत नाही, त्यांना कुणी लेखी काही दिलेलंच नाही.

म्हणून विनंती: एप्रिल २०२६ नंतर सूट मिळाली नाही तर आपण चाबहारला राहणार की नाही, हे संसदेत सांगा. राहणार असाल तर रुपयात पैसे चुकते करायची आणि विम्याची सोय आधी करा. नाही म्हणायचं असेल तर तेही आत्ताच म्हणा.

कंदाहारचा व्यापारी फोनवर एवढंच विचारतो, "शेठ, पुढचा माल कुठून पाठवू?" मी त्याला 'दोन दिवसांनी सांगतो' म्हणालोय. त्याला तीन आठवडे झाले.

आपला,
मशीद बंदरचा एक व्यापारी
डिसेंबर २०२५