बाँड केला म्हणजे ट्रॅक्टर नावावर झाला असं नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दसऱ्याच्या पुढं आपल्याकडं जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यांना ऊत येतो, कारखाने चालू व्हायचे असतात, ऊस वाहायला हेड (ट्रॉलीविना नुसता ट्रॅक्टर) पाहिजे असतं आणि नवं घ्यायची ऐपत नसली की माणूस जुनं बघतो. मग एजंटच्या अंगणात बसून इसार द्यायचा, नोटरीकडं स्टॅम्प पेपरवर बाँड करायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, ट्रॅक्टर घरी आणून हार घालायचा नारळ फोडायचा, झालं. आरसी म्हणजे आरटीओतल्या नोंदणीचं पुस्तक मात्र जुन्याच मालकाच्या नावावर, आणि वर्षानुवर्षं तशीच. आमच्या भागात असे लई ट्रॅक्टर आहेत ज्याच्यावर तिसरा-चौथा मालक नांगरतोय अन् कागदावर अजून पहिलाच आहे.

बाँड हा दोघांमधला करार झाला, त्यानं आरटीओतली नोंद बदलत नाही. त्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा बाँड बंद होऊन पाचशेचा झाला तर काही लोकांना वाटायला लागलं की आता पाचशेचा आहे म्हणजे जास्त पक्का! मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावानं नोंदणी आहे तो. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसात आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसात अर्ज करायचा असं कलम ५० मध्ये लिहिलेलं आहे. किती जण करतात ते आपल्याला माहीतच आहे.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती बोजावर. ट्रॅक्टर बँकेच्या नायतर फायनान्सच्या कर्जावर घेतलेला असतो, आरसीवर त्यांचं नाव चढवलेलं असतं, विकणारा म्हणतो सगळे हप्ते फिटलेत, एनओसी म्हणजे बँकेचा ना-हरकत दाखला आठ दिवसात आणून देतो, तुम्ही पैसे द्या. आठ दिवसाचे आठ महिने होतात आणि एक दिवस फायनान्सची माणसं येऊन ट्रॅक्टर ओढून नेतात, त्यांना तुमच्या बाँडशी काही घेणंदेणं नसतं, त्यांच्या रजिस्टरला हप्ते थकलेले असतात. मग विकणाऱ्याचा फोन लागत नाही. म्हणून एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, विकणारा पाव्हणा असला तरी नाही, पाव्हणा असला तर आधी नाही! मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला तर फायनान्सचं नाव दिसतं. मालकाचं नाव मात्र फुल्या मारून अर्धवट दाखवतात त्यामुळं ते आरसी आणि आधार समोर ठेवूनच जुळवावं लागतं. चेसिस नंबर अन् इंजिन नंबर स्वतः पुसून वाचायचा, घासलेला किंवा परत ठोकलेला वाटला तर तिथूनच राम राम.

दुसरी भानगड वारसांची. बाप गेला, ट्रॅक्टर बापाच्या नावावर, थोरल्यानं परस्पर विकला आणि नंतर धाकटा म्हणतो माझी सही कुठंय. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यावा लागतो, मगच विक्री. उदगीर, देगलूर, उमरगा ह्या पट्ट्यात तर शेजारच्या राज्यातले नंबर सर्रास फिरतात, केए ३८ म्हणजे बिदरचा. स्वस्त मिळतो म्हणून आणतात पण तिथल्या कार्यालयाची एनओसी म्हणजे फॉर्म २८ नसला तर इकडं नवीन नंबर मिळत नाही, आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायचं तर नंबर बदलावाच लागतो.

विकणाऱ्यानंही पैसे मोजून निवांत बसू नये. एक कार एकामागं एक अशी बऱ्याच जणांना विकली गेली, नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली, २००९ मध्ये अपघात झाला, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यात सांगितलं की भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकाचीच. आता उसाची डबल ट्रॉली रात्रीची बिना रिफ्लेक्टरची रस्त्यावर चालते, ते हेड तुम्ही कधीचं विकलेलं आणि कागदावर तुम्हीच, तर विचार करा.

अवजारांचं तर अजून अवघड. ट्रॉलीला वेगळी नोंदणी लागते पण गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेल्या कितीतरी ट्रॉल्यांना नंबरच नसतो. रोटाव्हेटर, पलटी नांगर, पेरणी यंत्र ह्यांना आरटीओच नाही, पुरावा म्हणजे दुकानदाराचं जीएसटीचं बिल आणि मशीनवरच्या पट्टीचा सिरियल नंबर एवढंच, आणि बिल कोण जपून ठेवतं? अनुदानावर घेतलेलं असलं तर अमुक वर्षं विकणार नाही असं हमीपत्रही लिहून दिलेलं असतं, ते घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. चोरीचा माल निघाला तर मूळ मालक घेऊन जातो, आपले पैसे बुडाले, वर पोलीस विचारणार की इतका स्वस्त कसा घेतला. हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैल घेतला तरी पावती फाडतात, आणि इथं लाखाचा हडंबा (मळणी यंत्र) नुसत्या शब्दावर हातोहात जातो.

तर आपल्या पेपरमधून दोन मागण्या मांडाव्यात. आरटीओनं लायसन्सचे कॅम्प तालुक्याला घेतात तसा दिवाळीच्या आधी फक्त ट्रॅक्टर नावावर करायचा आणि बोजा उतरवायचा कॅम्प घ्यावा, शेतकऱ्याला आरटीओ ऑफिसला जाऊन एजंटला पैसे द्यावे लागतात म्हणूनच तो टाळतो. आणि बाजार समित्यांनी जनावरांसारखी जुन्या अवजारांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवावी, दोघांचे आधार, मशीनचा सिरियल नंबर, फोटो आणि जुन्या बिलाची झेरॉक्स. त्यासाठी पन्नास-शंभर रुपये फी घेतली तरी लोक देतील, एजंटला दोन टक्के देतातच की.

आपला वाचक,
एक शेतकरी, ता. अहमदपूर, जि. लातूर