झोपेच्या गोळ्या अन् आपलं गाव

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या दारव्हा तालुक्यात कास्तकाराला झोप नाही ही काही बातमी नाही, कापूस घरात अन् भाव पडलेला, मग कोणीतरी सांगते अल्प्राझोलमची अर्धी गोळी घे, मस्त झोप लागते. माझ्या काकांचं असंच झालं. अर्धीची एक झाली, एकाच्या दोन, वर्षभर चाललं. खरं म्हणजे ही गोळी शेड्युल एच१ मधे, म्हणजे कडक नियमाच्या औषधांच्या सरकारी यादीत येते, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही अन् मेडिकलवाल्याला रजिस्टरमधे नोंद ठेवा लागते, पण ओळखीवर सगळं मिळते.

चूक आमची पण झाली. आम्ही रागावलो तर काकांनी एका दिवसात गोळ्या बंद केल्या, तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरले अन् फिट आली. तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, ही गोळी अचानक सोडायची नसते, हळूहळू कमी करा लागते. अन् वरून दारू घेतली तर झोपेतच श्वास बंद पडू शकते, आपल्याकडे तर क्वार्टर अन् गोळी सोबतच चालते राजेहो.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे गेलं म्हणजे माणूस पागल होत नाही. जायला लाज वाटत असन तर १४४१६ वर फोन लावा, टेली मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. काका आता पाव गोळीवर आले, चिडचिड करतात, पण सकाळी वावरात जातात.

- एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ