166 नंबरच्या मुलीला न विसरणाऱ्या भोसलेसाहेबांना

प्रति,
श्री. राजेंद्र धोंडू भोसले,
निवृत्त सहायक फौजदार, डी. एन. नगर पोलीस ठाणे, अंधेरी

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, तुमचा पत्ताही माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे.

2008 ते 2015 या काळात तुमच्या हद्दीतून हरवलेल्या 166 मुलींपैकी 165 तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी शोधून काढल्या. तेवढ्यावर थांबला असतात तरी कुणी बोल लावला नसता. पण 22 जानेवारी 2013 रोजी शाळेजवळून नाहीशी झालेल्या त्या सात वर्षांच्या पोरीचा फोटो तुम्ही खिशात ठेवलात. मे 2015 मध्ये निवृत्त झालात, अंगावरची वर्दी उतरली, तरी तिचा शोध सोडला नाहीत.

माझा मुलगा एकदा संध्याकाळी क्लासहून घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुखरूप सापडला. पण ती रात्र मी विसरलेले नाही. जिन्यात माणसं जमली होती. शोधायला गेलेले मोजके, बाकीचे विचारत होते, "आई कुठे होती?", "घरात काही बोलाचाली झाली होती का?" सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरत होता आणि त्याखाली माझ्या नोकरीच्या वेळांची चर्चा रंगली होती. सासूबाई दार लावायला उठल्या तर कुणीतरी म्हणालं, "लपवायचं काय आहे त्यात?" ठाण्यात आम्हाला सांगितलं, सकाळपर्यंत वाट बघा. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवून लगेच तपास सुरू करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मे 2013 पासून आहे, हे मला पुढे कळलं.

आमची एक रात्र होती. त्या मुलीच्या माउलीने साडेनऊ वर्षं काढली. त्या दिवशी तिच्यासोबत शाळेला निघालेला भाऊ, खाऊच्या पैशांवरून तिच्याशी भांडलेला, तोही लहानच होता हो. त्याने काय काय ऐकून घेतलं असेल! अशा घरी, सांगण्यासारखं नवं काही हाती नसताना, पुन्हा पुन्हा जायला काळीज लागतं. "कशी हरवली?" असं विचारणारे ढीगभर असतात. "आज कुठे शोधू?" असं विचारणारे तुम्ही होतात. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

4 ऑगस्ट 2022 रोजी ती सापडली, घरापासून जेमतेम 500 मीटरवर. ज्यांनी पळवलं त्यांनी तिला कामाला जुंपलं होतं. आपलं 'हरवली आहे'चं जुनं पोस्टर तिला इंटरनेटवर सापडलं. त्यावरच्या पाच नंबरांपैकी एकच चालू होता, शेजाऱ्याचा. व्हिडिओ कॉलवर मायलेकींची भेट झाली. वडील मात्र काही महिने आधीच कॅन्सरने गेले होते. ते वाचून मी पेपर खाली ठेवला.

सुटका तिच्या स्वतःच्या हिमतीने झाली, हे तर खरंच. पण आशा सोडा असं आजूबाजूचे सांगत असताना तिच्या घरच्यांच्या बाजूने एक पोलीस उभा होता, हे श्रेय तुमचंच. तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते आधीच खूप छापून झालंय. पीडित मुलाची ओळख उघड करायची नाही असा कायदा आहे, आणि सापडली तेव्हा सोळा वर्षांची असलेल्या त्या पोरीला तिची शाळा, तिची माणसं निवांतपणे परत मिळायला हवीत.

आणखी एक. इतकी वर्षं नंबर न बदलणाऱ्या त्या शेजाऱ्यांची कधी गाठ पडली तर माझे आभार त्यांनाही कळवा. आणि तुमच्या घरच्यांना नमस्कार सांगा. तुमची सुट्टी आणि निवृत्तीनंतरचा वेळ त्यांनीही या शोधाला दिला आहे.

आपली,
गोरेगावची एक आई