बाबांच्या आक्षेपाला उत्तर आणि आईला एक काम

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मुलांसाठी अद्भुतकथांचं त्रैमासिक काढतेय म्हणून नोकरी सोडलेली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे आई पुढचं निवांत वाचेल. कर्जही काढलेलं नाही, आणि सावंतवाडीच्या घराच्या कागदांना कुणी हात लावणार नाही. आता बाकीचं.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "जन्मभर पोरांच्या डोक्यातली भुतं काढली, आता तू ती छापून परत घालणार." आई मागून हसली, मीही हसले, पण फोन ठेवल्यावर ते डोक्यातून जाईना. तुमच्यासमोर मी बोलायला लागले की अजून दहावीची तोंडी परीक्षा चालू असल्यासारखी अडखळते. म्हणून लिहिते आहे.

आम्ही तिघं मिळून काढतोय ते त्रैमासिक आहे. ९६ पानं, डेमी आकार, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी, आणि आत फक्त अद्भुतकथा. हल्ली सगळे फँटसी म्हणतात, तेच. एवढं अरुंद कशाला, असं तुम्ही विचाराल. मला आठवतं, आपल्याकडे चांदोबा यायचा आणि तुमच्या शाळेतून बालभारतीचं किशोर. आठवीपर्यंत चंगळ होती. नंतर वाचन मंदिरात गेले की थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या, ज्यातल्या बायका पान पान रडत असायच्या. मधली पाच वर्षं कुणाच्या खात्यावरच नव्हती. आजची मुलं ती पाच वर्षं इंग्रजीत काढतात. त्यात वाईट काही नाही, मीही काढली. पण त्याचा परिणाम आमच्याकडे आलेल्या कथांत दिसतो. दापोलीचा मुलगा ओकच्या झाडाखाली बसतो. साताऱ्यातल्या वसतिगृहाला मनोरे आहेत आणि डिसेंबरात बर्फ पडतो. उरलेल्या कथांत कॉलेजातल्या पोराला कळतं की आपण मागच्या जन्मी कुणीतरी महारथी होतो, आणि त्याच्या हातात अस्त्र येतं. पुढे काय होणार हे मला तिसऱ्या परिच्छेदात कळतं, तर पंधरा वर्षांच्या वाचकाला दुसऱ्यातच कळेल. दोन्ही गठ्ठे आम्ही साभार परत करतो.

जागा असली की लिहिणारे येतात, एवढ्यावर माझा भरवसा आहे. बंगालीत संदेश हे मुलांचं मासिक १९१३ साली उपेंद्रकिशोर रायांनी काढलं. बंद पडलेलं ते मासिक १९६१ मध्ये नातवाने, सत्यजित रायांनी, पुन्हा सुरू केलं आणि त्याची पानं भरायला स्वतः लिहायला बसले. त्यांचा शास्त्रज्ञ प्रोफेसर शंकू त्याच वर्षी आला, गुप्तहेर फेलूदा १९६५ मध्ये. तोवर ते सिनेमावाले म्हणूनच जगाला ठाऊक होते. मासिक नसतं तर त्या गोष्टी लिहिल्या गेल्या असत्या का, मला शंका आहे.

आता तुमचा आक्षेप. देवचार, राखणदार, साती आसरा, चकवा, मुंजा ही सगळी लोककथांतली भुतं-दैवतं आमच्या पानांत असणार, हे खरं. तुम्ही २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती सांगत शाळाशाळांतून फिरलात, तेव्हा तुमची पत्रकं मीच टाइप केली होती. त्या कायद्याने गुन्हा ठरवली ती फसवणूक, अघोरी उपचार, भीती घालून पैसे उकळणं. भगत गोष्ट सांगतो आणि ती खरी माना म्हणतो, वर कोंबडा मागतो. आमचा लेखक गोष्ट सांगतो आणि ही गोष्ट आहे असं मुखपृष्ठावरच छापतो.

पण याहून मोठा मुद्दा मला तुमच्या वर्गातूनच मिळाला आहे. चांगल्या अद्भुतकथेत जादूला नियम लागतात. कोण काय करू शकतो, कशाच्या बदल्यात, आणि काय मुळीच करू शकत नाही. नियम मोडला की हे वय लेखकाला सोडत नाही. आम्ही कथा छापायच्या आधी काही नववी-दहावीच्या मुलांना वाचायला देतो. परवा एकाने समासात लिहिलं होतं, "पान ७ वर याला उंबरठा ओलांडता येत नाही, मग पान १९ वर हा खिडकीतून कसा आला?" बाबा, हा तुमचाच प्रश्न आहे. "आधी काय म्हणालात आणि आता काय म्हणताय?" हेच तुम्ही फळ्यासमोर उभं राहून मुलांना विचारायला शिकवत होता. भगताला हे विचारलं तर तो अंगावर येतो. आमचा लेखक निमूट पान १९ पुन्हा लिहितो.

आणि नियमांच्या बाबतीत आपल्या कोकणाएवढं श्रीमंत कुणी नाही. इंग्रजी कथांतले मंत्र म्हणजे दोन लॅटिन शब्द आणि काठीचा झटका. आपलं देवापुढचं गाऱ्हाणं घ्या. पूर्ण करारनामा असतो तो! कुणाला उद्देशून, कुणाच्या वतीने, काय चुकलं, काय हवंय, त्याबद्दल काय देणार, सगळं मोठ्याने, चारचौघांत, आणि प्रत्येक कलमाला गावाची सही, "व्हय म्हाराजा". कौल, म्हणजे देवाला प्रश्न विचारून घेतलेलं उत्तर, तर त्याहून कडक. देव भाषण करत नाही. मूर्तीवरचं फूल उजवीकडून पडतं किंवा डावीकडून, एवढंच. म्हणजे प्रश्न नेमका विचारला नाही तर उत्तर फुकट गेलं. एखाद्या लेखकाने ही पद्धत स्वतः रचली असती तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं. आपल्याकडे ती देवळात रोज चालते आणि कुणाला त्यात कथा दिसत नाही.

एका मुलीला दिसली. अकरावीत आहे, मालवणकडची. तिची कथा आचऱ्याच्या गावपळणीवर, म्हणजे देवाच्या कौलाने अख्खं गाव तीन दिवस रिकामं करायच्या प्रथेवर आहे. (आईचं माहेर म्हणून मी ती निवडली असं समजू नका. आम्ही लेखकाचं नाव-गाव झाकून वाचतो. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि पहिला नंबर काढला, ही हकिगत तुम्हीच मला ऐकवली होती. आमचा नियम तिथूनच घेतलाय.) कथेत रामेश्वराचा कौल झाला आहे, अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहुट्यांत गेलं आहे, आणि एक मुलगी मुद्दाम मागे राहिली आहे. गाव रिकामं असतं, तिथे कुणीही नसतं, हे तिला सिद्ध करायचं आहे. तुमची विद्यार्थिनी शोभेल अशी आहे. पहिल्या रात्री तिला गाऱ्हाणं ऐकू येतं. भाषा ओळखीची, फक्त मागणं उलटं आहे. तीन दिवसांसाठी गावात आलेले ते दुसरे कुणी देवाला सांगत असतात की आमच्या वाट्याच्या दिवसांत एक माणूस मागे राहिलंय, त्याचा काय तो निवाडा कर. म्हणजे घुसखोर कोण, तर ही. पुढचं सांगत नाही, प्रत सोबत जोडली आहे.

तिने शेवट स्वप्नाचा केला होता. जाग येते, सगळं खोटं. मी तिला लिहिलं की वाचकाने वीस पानं तुझ्याबरोबर चालून यायचं आणि तू दार लावून घ्यायचंस, हे बरं नव्हे. तिने चिडून दोन ओळींचं उत्तर पाठवलं आणि महिन्याभराने असा शेवट पाठवला की मी ऑफिसच्या बसमध्ये उतरायचं विसरले. शाळेतल्या सवयीने खाली तात्पर्यही लिहिलं होतं. ते मी काढलं. बाबा, रागावू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्यामुळे पक्की केली आहे. अंगारा लावल्यावर ताप उतरला, डॉक्टर तोंडात बोट घालून बघत राहिले, असलं काही आम्ही छापणार नाही. तशी एक कथा आली होती, भाषा सुरेख होती. तरी परत पाठवली.

आता आईसाठी पैशांचं. छापायच्या ५०० प्रती, छपाई आणि बांधणी साधारण ३०,००० रुपये. सहा कथा, प्रत्येकी १,५०० मानधन, म्हणजे ९,०००. चित्रांना ८,०००. एकूण ४७,०००. वर्षाची वर्गणी चार अंकांना ६००, म्हणजे अंकाला १५०. त्यातून टपाल आणि पाकीट वजा जाता ११० हाती येतात. साधारण ४३० वर्गणीदार झाले की खिशातलं जायचं थांबेल. आत्ता दीडशेसुद्धा नाहीत. पहिल्या वर्षाची तूट आम्ही तिघांनी वाटून घेतली आहे आणि माझा वाटा बाजूला काढून ठेवला आहे. मानधन कमी करा असं सगळे सांगतात. ते मी करणार नाही. इंग्रजीतल्या चांगल्या नियतकालिकांत शब्दाला ८ सेंट हा व्यावसायिक दर मानतात. आपण त्याच्या जवळपासही नाही, पण फुकट लिहून घेतलं की दुसऱ्यांदा लिही म्हणायला तोंड राहत नाही. चालेल का, हे मला माहीत नाही. अमेरिकेत किशोरांसाठी काढलेलं सिकाडा १९९८ ते २०१८ चाललं आणि बंद झालं. वीस वर्षं मिळाली तर मी पेढे वाटीन.

नाव इथे लिहीत नाही. १८६७ चा जुना कायदा जाऊन नवा आलाय, अर्ज ऑनलाइन होतो, पण नाव मंजूर व्हायला थांबावं लागतंय. आणि बाबा ते मोती तलावावर फिरताना पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकतील. मुखपृष्ठाचं एवढंच सांगते की ते गंजिफाच्या, म्हणजे आपल्याकडच्या हातरंगी गोल पत्त्यांच्या, पानासारखं गोल चौकटीत आहे.

आई, तुझं काम. तू लहानपणी गावपळणीला बाहेर राहिली आहेस. कथेत पान ४ वर राहुटीचं वर्णन आहे, ते पुस्तकी वाटतंय. बाहेर चूल मांडल्यावर पहिल्यांदा काय शिजवायचात? कोंबड्या कशातून न्यायच्या? पाणी कुठलं? म्हातारी माणसं कशी आणायचे? आठवेल तसं सांग, बाबा लिहून घेतील. मालवणीतच सांग, मी बघते काय ते. "खुळा गो तू" म्हणून टाळू नकोस.

बाबा, तुम्ही लाल पेन घ्या. शुद्धलेखन बघायला इथे माणूस आहे. तुम्ही फक्त नियम कुठे मोडलाय ते शोधा. मला एक जागा खटकते आहे, पण कुठली ते सांगणार नाही. १५ तारखेच्या आत स्पीड पोस्टने पाठवा, पानं त्यानंतर छपाईला जाणार आहेत.

आईने गुडघ्याचं तेल संपवलं असेल, मी येताना आणते.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, वर्गणीत घरच्यांना सवलत नाही.